बॉबकॅटचा हप्ता पक्क्या मुरमातून निघेल का?

प्रश्न: सासवडजवळ माझा दोन ट्रॅक्टरांचा भाड्याचा व्यवसाय आहे. प्लॉटिंग आणि सपाटीकरणाची कामं वाढली आहेत. बकेट आणि ब्रेकरसह (फोडायचा हातोडा) नवीन स्किड स्टीअर लोडर, म्हणजे पुढे बकेट असलेलं छोटं चारचाकी यंत्र, आमच्याकडे सगळे बॉबकॅटच म्हणतात, जीएसटीसह २२ लाखांना पडतो. ७ लाख मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या एफडीतून घालायचे आणि १५ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी ४ वर्षांसाठी काढायचं, असा विचार आहे. भाडं तासाला १,१०० रुपये मिळेल आणि महिन्याला २०० तास काम मिळेल. जमीन बहुतेक पक्क्या मुरमाची आहे. घेऊ का?

उत्तर: आत्ता घेऊ नका, आणि मुलीच्या एफडीला तर हातच लावू नका.

तुमच्या हिशेबात जमीन शेवटी आली आहे. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण खरा खर्च तिथेच आहे. बॉबकॅटचं वजन साधारण ३ टन, जेसीबीचं साडेसात-आठ टन. जेसीबी पाय टेकवून मागच्या हाताने खाली खोदतो. बॉबकॅटची बकेट मात्र यंत्र पुढे रेटेल तेवढ्याच जोराने जमिनीत शिरते. मुरूम पक्का लागला की टायर जागच्या जागी फिरतात किंवा मागची चाकं उचलली जातात. त्यात हे यंत्र वळतं तेच टायर फरफटवत, त्यामुळे टोकदार खडीवर टायर झपाट्याने झिजतात. दातांची बकेट लावून, आदल्या दिवशी पाणी मारून, दोन-तीन इंचांचे थर काढत गेलं तर काम होतं, पण संथ होतं. ब्रेकरने फोडायचं म्हटलं तर तेच यंत्र आधी फोडणार, मग जोड बदलून भरणार. फोडताना भरणं बंद, भरताना फोडणं बंद.

मोकळी झालेली माती ओढणं, भराव पसरणं, लेव्हल काढणं, अरुंद बोळात किंवा गोठ्यात शिरून भरणं, यात मात्र बॉबकॅटला तोड नाही. म्हणजे तुम्ही ज्या कामासाठी कर्ज काढताय, त्याचा अर्धा भाग या यंत्राचा नाहीच.

आता आकडे. १५ लाखांचा हप्ता महिना सुमारे ३८,७७० रुपये, म्हणजे वर्षाला ४ लाख ६५ हजार. चांगला ऑपरेटर २२,००० ला धरा. पावसाळ्यात पगार थांबवलात तर तो दुसऱ्याकडे जाईल, म्हणून बारा महिन्यांचे २ लाख ६४ हजार. विमा आणि ने-आण मिळून ६० हजार मी कमीच धरतोय. जेसीबी रस्त्याने स्वतः जातो, बॉबकॅटला दर साइटला गाडीवर चढवावं लागतं. एकूण ७ लाख ८९ हजार झाले. तासाच्या १,१०० मधून ५ लिटर डिझेलचे ४५० आणि टायर, दात, ऑइल यांचे १५० वजा केले की ५०० उरतात. म्हणजे फक्त बरोबरीला येण्यासाठी वर्षाला जवळजवळ १,५८० तास भरले पाहिजेत.

तुम्ही वर्षाचे २,४०० तास गृहीत धरलेत. पावसाळ्याचे चार महिने मातीकाम जवळपास बंद असतं. उरलेल्या आठ महिन्यांत २२ दिवस आणि दिवसाला पैसे मिळणारे ५ तास धरले तर ८८० तास होतात. त्यावर वर्षाला साडेतीन लाखांची तूट येते, ती ट्रॅक्टरच्या कमाईतून जाईल. चार वर्षांनी यंत्र हाती उरेल हे मान्य, पण तोवर दर महिन्याला २९ हजार कुठून आणणार?

आणखी एक गोष्ट पत्रात दिसली नाही. काम तासावर घेताय की ब्रासवर (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट)? प्लॉटवाले हल्ली ब्रासवर किंवा गुंठ्यावर ठरवतात. गुंठाभर जागा ६ इंच खाली घ्यायची तर साडेपाच ब्रासच्या आसपास माती निघते. मऊ जमिनीत हा दर परवडेल, पक्क्या मुरमात दुप्पट वेळ गेला तर तो सगळा तुमच्या खिशातून जाईल. शिवाय खोदलेला मुरूम फुगतो, म्हणून माप खड्ड्यात घ्यायचं की डंपरमध्ये, हे आधी कागदावर आणा.

आणि मुरूम प्लॉटबाहेर जाणार असेल तर परवाना आणि रॉयल्टीची, म्हणजे सरकारी शुल्काची, पावती पाहिल्याशिवाय यंत्र उभंसुद्धा करू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे आणि यंत्र जप्त होऊ शकतं. जप्त यंत्राचा हप्ताही भरावाच लागतो.

जीएसटीचं थोडक्यात: २२ लाखांत सुमारे ३ लाख ३६ हजार कर आहे. नोंदणी असेल तर त्याची वजावट मिळते, पण मग भाड्यावर १८ टक्के लावावे लागतात. बिल्डरला ते चालतं, शेतकऱ्याला दर महाग वाटतो. तुमची गिऱ्हाइकं कोण आहेत ते आधी मोजा.

माझं म्हणणं असं. या ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत बॉबकॅट ऑपरेटरसह महिन्याच्या भाड्याने घ्या. फोडायला जेसीबी तासावर बोलवा आणि वाहतुकीला स्वतःचे ट्रॅक्टर लावा. रोज तासमीटरचं रीडिंग आणि हातात आलेले पैसे वहीत लिहा, उधारी वेगळ्या पानावर. आठ महिन्यांत १,२०० तासांचे पैसे खरोखर जमा झाले, तर याच खर्चात महिना २३,००० चा हप्ता झेपेल. म्हणजे याच व्याजाने ९ लाखांच्या आतलं कर्ज. तेवढ्यात चांगलं जुनं यंत्र बघा. बघायला जाल तेव्हा तासभर काम करून ऑइल गरम होऊ द्या आणि मग भरलेली बकेट घेऊन चढावर चालवा. गरम झाल्यावर ओढ कमी पडली तर पंप किंवा मोटर थकली आहे असं समजा आणि व्यवहार तिथेच सोडा.