ताई, सांगा की: ओठ फुटूलालेत, ओठ बारीक दिसतात, काय करू?

दिवाळी झाली, बेळगावात पहाटेची ती कोरडी बोचरी थंडी सुरू झाली आणि ह्या महिन्यात आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त ओठांचेच. कुणाला ओठ भरलेले दिसायला हवेत, कुणाचे फाटलेत, कुणाचे काळे पडलेत. म्हणून ह्या वेळचं सगळं सदर ओठांवरच घेतलंय. मी पार्लर चालवते, डॉक्टर नाही, तेव्हा जिथं काम डॉक्टरांचं आहे तिथं तसं सरळ सांगितलंय, ते तेवढं टाळू नका.

प्रश्न: ताई, मी 23 वर्षांची, शहापूरला राहते. फेब्रुवारीत लग्न आहे. माझे ओठ लहानपणापासून बारीक, वरचा तर हसल्यावर दिसतच नाही, फोटोत नुसती रेघ येते. मैत्रीण म्हणते फिलर करून घे, म्हणजे ओठ फुगवायला आत जेल भरतात ते, आई म्हणते असलं काही करायचं नाही. एका ठिकाणी सुई न टोचता पेननं करून देतात म्हणे, खर्च पण कमी. करू काय? आणि ते ओठ फुगवायचं लिपग्लॉस चालतं काय?

अगं, ते पेनचं पहिलं डोक्यातून काढ. त्या पेनमध्ये सुई नसते हे खरं, पण जेल जोराच्या दाबानं कातडीतनं आत ढकलतात, ते किती खोल गेलं, कुठं गेलं, हे करणारीच्या हातात राहत नाही. अमेरिकेतल्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, ऑक्टोबर 2021 मध्ये ह्याच बिनसुईच्या पेनबद्दल लोकांना सावध केलंय, हे वापरू नका म्हणून. माझ्याकडं एक मुलगी मेकअपच्या ट्रायलला आली होती, ओठाला ब्रश लावू देईना, मी म्हटलं काय झालं गं, तर खालच्या ओठात डाव्या बाजूला मटकीच्या दाण्याएवढ्या तीन गाठी, बोटाला लागत होत्या. कुठल्याशा पार्लरात पेननं करून घेतलं होतं. साखरपुड्याचे सगळे फोटो तिनं पदर तोंडाशी धरून काढलेत, आई बिचारी मला ते मोबाईलवर दाखवता दाखवता रडली. नंतर स्किनच्या डॉक्टरांकडं जाऊन ते जेल विरघळवावं लागलं. वाचवलेल्या पैशाच्या किती पट गेले ते विचारू नकोस.

डॉक्टर करतात ते फिलर वेगळं. त्यात बहुतेक वेळा हायल्युरोनिक ॲसिडचं जेल असतं, आपल्या कातडीत मुळातच असणारा पाणी धरून ठेवणारा पदार्थ आहे तो, बारीक सुईनं ओठात भरतात, साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतं आणि मग हळूहळू जिरून जातं, म्हणजे ठेवायचं असेल तर परत परत करावं लागतं. पहिले काही दिवस सूज येते, काळंनिळं पडू शकतं. क्वचित जेल रक्तवाहिनीत जातं किंवा तिच्यावर दाब येतो, मग तिथलं रक्त थांबतं, कातडी पांढरी पडते, खूप दुखतं, आणि ते ताबडतोब विरघळवलं नाही तर तेवढा भाग मरतो. त्यासाठी हायल्युरोनिडेज नावाचं औषध लागतं. म्हणून करायचंच ठरवलंस तर स्किनचे नाहीतर प्लास्टिक सर्जरीचे डॉक्टर, आणि त्यांना पहिला प्रश्न हाच विचार की ते औषध तुमच्याकडं आत्ता दवाखान्यात आहे काय. तुला तापानंतर ओठावर पाण्याच्या बारीक फोडी येत असतील तर ते पण सांग, सुईनं त्या परत उठू शकतात. आणि लग्नाच्या तोंडावर तर अजिबात नको, निदान महिनाभर आधी. माझं मत विचारशील तर 23 व्या वर्षी, एका दिवसाच्या फोटोसाठी, मी तुझ्या आईच्या बाजूनं आहे.

आता ते फुगवायचं ग्लॉस. त्यात दालचिनीचं तेल, पुदिन्याचं मेंथॉल, नाहीतर मिरचीतलं कॅप्सायसिन असतं. आपल्या संकेश्वरी मिरचीचा ठेचा खाल्ल्यावर ओठ कसे लाल होऊन चुणचुणतात, तेच हे. कातडीला झोंबतं, तिथं रक्त धावून येतं, थोडी सूज येते, तास दोन तासात उतरते. कधीतरी लावलं तर बऱ्याच जणींना काही होत नाही, पण रोज लावलं की ओठ सोलतात आणि सोललेला ओठ आणखी बारीक दिसतो. फुटलेल्या ओठावर तर लावूच नको. आणि घरी मिरची, दालचिनीची पूड चोळायचे व्हिडिओ फिरतात ते बघून काही करू नको गं बाई, भाजलेल्या ओठाची नवरी मला सजवायची नाही.

आता खरं काय करायचं ते सांगते. ओठाला घाम येत नाही, तेल सोडणाऱ्या ग्रंथी जवळजवळ नसतातच, आणि वरचं कातडं गालाच्या मानानं फार पातळ, त्यामुळं ओठातलं पाणी पटकन उडून जातं. पाणी उडालेला ओठ सुरकुततो, आणि मग आहे तेवढा पण दिसत नाही. लग्नाला येणाऱ्या निम्म्या मुली मला सांगतात ओठ बारीक आहेत, आणि दोन महिने नीट सांभाळल्यावर त्याच म्हणतात अय्या, एवढे होते काय माझे. आकार आईबाबांकडनं येतो, तो मी बदलू शकत नाही, पण तुझा असलेला ओठ पूर्ण दिसला पाहिजे एवढं आपल्या हातात आहे.

रात्री झोपताना ओठ ओले कर, नुसतं पाण्याचं बोट फिरव, अर्धवट पुसून लगेच साधी व्हॅसलीन जाड लाव, बिनवासाची, बिनरंगाची. ओल्यावर लावायचं हे महत्त्वाचं, व्हॅसलीन स्वतः पाणी देत नाही, आहे ते कोंडून ठेवते. ग्लिसरीनचा किंवा हायल्युरोनिक ॲसिडचा बाम घेतलास तरी वरून व्हॅसलीन हवीच, कारण आपल्या इथल्या ह्या कोरड्या वाऱ्यात नुसता तो बाम पुरत नाही. दिवसा ऊन अडवणारा, एसपीएफ 30 लिहिलेला लिपबाम, विशेषतः खालच्या ओठाला, ऊन त्याच्यावर थेट पडतं. सालटं दातानं ओढायची नाहीत. आठवड्यातनं एकदा बारीक साखर आणि तूप, करंगळीनं, अर्धा मिनिट, बास. टूथब्रशनं घासायचं कुणी शिकवलं असेल तर विसरून जा.

आणि त्या दिवशीचा मेकअप. शालूवर मरून किंवा कॉफी मॅट लिपस्टिक सगळ्यांना हवी असते, पण बारीक ओठावर गडद मॅट म्हणजे आणखी बारीक. तुझ्या ओठाच्या रंगाच्या जवळचं लायनर घे, वरच्या ओठाच्या मधल्या भागात रेघ अगदी केसभर बाहेर काढ, कोपऱ्यांत मात्र आपल्या मूळ रेघेवरच ये, नाहीतर ते रंगवल्यासारखं दिसतं. मग विटकरी नाहीतर गुलाबी रंग, मध्ये एक शेड फिकट, आणि मधोमध ग्लॉसचा एकच ठिपका. वरच्या ओठाच्या मधल्या खाचेवर हायलायटरचा बारीक हात. अक्षता पडेपर्यंत घाम येतो, तेव्हा टिश्यूनं टिपायचं, पुसायचं नाही. ट्रायल दोन आठवडे आधी करून दिवसाच्या उजेडात फोटो काढून बघ.

प्रश्न: नमस्कार ताई, मी 19 वर्षांचा, खानापूरहून रोज बाईकनं बेळगावला कॉलेजला येतो. ओठाभोवती लाल गोल रिंगण झालंय, खाजतं, बाम लावूलालोय तरी कमी होत नाही. पोरं चिडवतात.

भाऊ, गाडीवर वारा लागला की तू जिभेनं ओठ ओले करतोस, खरं का नाही? रिंगण जीभ पोचते तेवढंच असतं, बघ आरशात. थुंकीत अन्न पचवणारे रस असतात, ते त्या नाजूक कातडीला खातात, वर थुंकी उडून जाताना ओठातलं पाणी पण घेऊन जाते, म्हणून परत चाटावंसं वाटतं, ते चक्रच आहे. हेल्मेटची काच खाली, आत तोंडावर सुती रुमाल, आणि खिशात व्हॅसलीनची डबी. चाटावंसं वाटलं की डबी काढायची. पुदिना दालचिनीच्या वासाचा बाम टाकून दे, टूथपेस्ट पण थोडे दिवस साध्या चवीची वापर, काहींना त्यातल्याच वासाची ॲलर्जी असते. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ जवळजवळ सगळ्यांचेच फाटतात, डॉक्टरांना सांग, पण स्वतः गोळी बंद करू नको. दोन तीन आठवड्यात रिंगण गेलं नाही तर दाखव, मनानं मेडिकलमधनं स्टिरॉइडची ट्यूब आणून लावायची नाही.

प्रश्न: मी निपाणीची, वय 44. विडीच्या कामाला जाते. ओठ पहिल्यापासून असे नव्हते, आता काळे पडलेत, खालच्या ओठाला आतून पांढरट झालंय, खरखरीत लागतं. मिश्री लावते रोज दोनदा तीनदा. सून म्हणते पार्लरला जाऊन पिंक लिप, म्हणजे ओठ गुलाबी करायचं ते, करून घ्या.

अक्का, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पार्लरला येऊ नका, आधी दाताच्या नाहीतर नाक कान घशाच्या डॉक्टरांकडं जा, ह्याच आठवड्यात, विडीचा खाडा झाला तरी चालेल. आतला पांढरा खरखरीत चट्टा म्हणजे लगेच कॅन्सर असं अजिबात नाही, बहुतेक वेळा नसतो, पण तंबाखू लावणाऱ्या माणसाच्या तोंडात असा चट्टा, लाल डाग, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम कधीच तशी सोडायची नसते. लवकर कळलं तर इलाज सोपा आहे.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात स्वच्छ होतात म्हणून आपल्याकडं आया बायका लावत आल्या, माझी आजी पण लावायची, चुलीशेजारी तिची पितळी डबी असायची, तिच्यात बोट बुडवून पाटावर बसली की अर्धा तास हलायची नाही. कुणी तिला सांगितलंच नाही की ती तलफ आहे. तुम्हाला सकाळी मिश्रीशिवाय पोटाला होत नाही, डोकं धरतं, ते त्याच्यामुळंच. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, ओठाला रक्त कमी पोचतं, आणि तंबाखूनं तोंडातला, ओठाचा काळा रंग पण वाढतो. सोडल्यावर काळेपणा उतरतो, पण काही महिने, कधी वर्ष दोन वर्ष घेतो. कुठलीही पिंक लिप क्रीम मिश्री चालू असताना काम करणार नाही, सूनबाईंना माझं नाव सांगून सांगा. एकदम सुटत नसेल तर सरकारचा फुकट फोन नंबर आहे, 1800-11-2356, तंबाखू सोडायला मदत करतात. दिवसातनं तीनदा असेल तर आधी दुपारची बंद करा. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला कळवा, मी वाट बघते.

प्रश्न: चिकोडीहून तिघी मैत्रिणी: लिंबू साखर, बीट, आणि बेंबीत तेल घालणं, ह्यातलं काय खरं?

लिंबू नको. ते झोंबतं, आणि लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडतात. बीटानं रंग चढतो तो दोन तासांचा, हौस म्हणून लावा. बेंबीतनं ओठापर्यंत तेल जायला रस्ताच नाही, तेच बोट सरळ ओठावर फिरवा. मात्र ओठ गुलाबीच्या ऐवजी फिकट पांढरट दिसत असतील, दम लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासा. देशपातळीवरच्या 2019-21 च्या पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्त कमी होतं, म्हणजे तुम्ही तिघी बसलात तर त्यात एक दोन निघतील.

प्रश्न: सासूबाई 70 च्या, कवळी आहे. ओठाचे दोन्ही कोपरे सारखे चिरतात, तिखट खाल्लं की डोळ्यात पाणी येतं. व्हॅसलीन लावून थकले. घरच्या घरी काही बाम करता येईल काय?

कोपरे चिरणं हे नुसतं कोरडेपण नसतं वहिनी. कवळी जुनी झाली, झिजली की ओठ आत बसतात, कोपऱ्यात घडी पडते, तिथं थुंकी साचते आणि बुरशी धरते. तिथं डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलमच लागतं. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची, आणि दाताच्या डॉक्टरांना ती बसते का बघायला सांगायचं. साखर तपासून घ्या, रक्त पण, लोह आणि बी जीवनसत्त्वं कमी असली तरी असंच होतं. दूध, ताक, अंडं खात असतील तर अंडं, पालेभाजी वाढवा. रंजका, म्हणजे ती लाल मिरचीची चटणी, थोडे दिवस त्यांच्या ताटात वाढू नका.

बामचं म्हणाल तर कोकमाच्या बियांचं तेल आणा, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, कोकणातनं येतं. तेल म्हणतात पण तो साबणासारखा घट्ट पिवळट गोळा असतो, अंगठ्यानं घासला की अंगाच्या उबेनं विरघळतो. एक चमचा खिसलेलं कोकम तेल, एक चमचा मधमाशांचं मेण, तीन चमचे खोबरेल, वाटी गरम पाण्यात धरून पातळ करा, थेट गॅसवर नको, आणि स्टीलच्या छोट्या डबीत ओता. अर्ध्या तासात घट्ट होतं. त्यात अत्तर, कापूर, काही घालू नका. कोपऱ्याच्या चिरा भरेपर्यंत हा नुसता ओठांवर लावा, कोपऱ्यात मलमच, आणि सासूबाईंची डबी वेगळी ठेवा, घरात सगळ्यांनी त्याच डबीत बोट घालायचं नाही.