'ब्लॅक पँथर' (२०१८) या हॉलिवूड सुपरहिरोपटात राजकारण ओढूनताणून घातलंय का?

नाही. इथे राजकारण काढलं तर कथाच उरत नाही. संघर्ष एकाच प्रश्नावर उभा आहे: वकांडा या काल्पनिक, प्रगत आफ्रिकी देशाकडे व्हायब्रेनियम हा अद्भुत धातू असताना जगभरच्या कृष्णवर्णीयांचे हाल त्याने लपून पाहत राहावं का? खलनायक किलमाँगर हाच जाब विचारतो. म्युझियममधला त्याचा प्रवेश नीट पाहा, आफ्रिकेतून लुटून आणलेल्या वस्तूंचा मुद्दा अवघ्या काही वाक्यांत येतो. शेवटी वकांडाचा राजा टी'चाला, म्हणजेच ब्लॅक पँथर, त्याला हरवतो, पण त्याचं म्हणणं अर्धं स्वीकारून अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये मदतकेंद्र उघडतो.

ओकलंड मुद्दाम निवडलंय. १९६६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी ब्लॅक पँथर पार्टी तिथेच स्थापन झाली (आपल्याकडच्या १९७२ च्या दलित पँथरची प्रेरणा हीच). कॉमिकमधलं पात्र मात्र पक्षाच्या काही महिने आधीचं.

प्रतिनिधित्व नुसत्या चेहऱ्यांपुरतं नाही. वकांडाची भाषा म्हणून दक्षिण आफ्रिकेतली खोसा वापरलीय. वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर या आपापल्या विभागात ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय ठरल्या.

खटकतं ते एकच: शस्त्रं नेणारी विमानं पाडायला सीआयएचा माणूस 'आपला' म्हणून येतो. सीआयएने आफ्रिकेत केलेल्या ढवळाढवळीचा इतिहास पाहता, ही तडजोड मोठी आहे.