सोन्याच्या नॅनोकणांवर मॅनोज चढवताना द्रावण निळं का पडतं?

तुम्हाला १३ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांवर मॅनोज ही साखर बसवून मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक) पेशी ओळखायच्या आहेत, पण मॅनोज मिसळून कण पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये, नेले की लाल द्रावण निळं पडतं. याचा अर्थ मॅनोज सोन्याला धरलेलंच नाही. साध्या साखरेत सोन्याशी घट्ट बांधला जाणारा गट नसतो. कण अजून त्यांच्यावरच्या सायट्रेट या आवरणाच्या ऋणभारामुळेच एकमेकांपासून लांब राहतात. पीबीएसमधलं मीठ तो भार झाकतं आणि त्यांचे पुंजके होतात.

मॅनोज थायॉलसकट (सोन्याला घट्ट धरणारा गंधकाचा गट) घ्या: पहिल्या कार्बनवर अल्फा जोडणीने इथिलीन ग्लायकॉलची छोटी साखळी, तिच्या टोकाला थायॉल. ३ आणि ४ क्रमांकाचे हायड्रॉक्सिल मोकळे राहू द्या, मॅक्रोफेजवरचा मॅनोज पकडणारा रिसेप्टर तिथेच पकडतो.

प्रमाण अंदाजाने टाकू नका. १३ नॅनोमीटरच्या कणाचं क्षेत्रफळ साधारण ५३० चौरस नॅनोमीटर. दर चौरस नॅनोमीटरला ४ थायॉल धरले तर एका कणाला सुमारे २,१०० रेणू लागतात. कण १० नॅनोमोलर असतील तर हे २१ मायक्रोमोलर झालं. पाचपट, म्हणजे १०० मायक्रोमोलर घ्या. त्यात निम्मं पीईजी-थायॉल (टोकाला साखर नसलेली पॉलिइथिलीन ग्लायकॉलची साखळी) असलेलं बरं. साखरेची गर्दी केली की पकड सुधारतेच असं नाही. शुद्ध पाण्यात, मीठ न घालता, रात्रभर ढवळा. मग सुमारे १५,००० जी वर अर्धा तास सेंट्रिफ्यूज करून तीनदा धुवा. तळाशी तेलासारखा सैल लाल थेंब दिसला तर काम झालं. नळीच्या भिंतीला काळा थर घट्ट बसला तर आवरण अपुरं आहे.

आता थोडे कण १५० मिलिमोलर मिठात टाका. लाल राहिले, शोषणशिखर (प्रकाश सर्वांत जास्त शोषला जातो ती तरंगलांबी) ५२० ते ५२५ नॅनोमीटरच्या आसपास टिकलं, तरच पुढे जा.

पण मिठात टिकणं म्हणजे साखर ओळखली जाणं नव्हे. त्यासाठी कॉन-ए हे लेक्टिन, म्हणजे मॅनोज पकडणारं प्रथिन, वापरा, पीएच ७.४ च्या हेपेस बफरमध्ये, १ मिलिमोलर कॅल्शियम आणि तेवढंच मँगनीज घालून. फॉस्फेट बफर इथे नको, कॅल्शियमचा साका बसतो. मॅनोजचे कण जांभळे व्हायला हवेत, तुलनेसाठी तसेच बनवलेले गॅलॅक्टोज या दुसऱ्या साखरेचे कण लालच राहायला हवेत. वर जास्तीचं मिथाइल मॅनोसाइड (कॉन-एला धरणारी सुटी मॅनोज) टाकल्यावर लाली बरीचशी परतली, तर पकड खरी. गॅलॅक्टोजची जोडी न लावता केलेला प्रयोग मला ग्राह्य वाटत नाही.

पेशींकडे जाण्याआधी त्यांच्यावर सीडी२०६, म्हणजे तोच मॅनोज रिसेप्टर, आहे का ते अँटिबॉडीने तपासा. काही प्रचलित पेशीवाणांत तो फारच कमी असतो. आयएल-४ हे संकेत देणारं प्रथिन दिल्यावर वाढतो. मॅक्रोफेज तसेही काहीही गिळतात, त्यामुळे पेशीत सोनं दिसलं एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. अर्धा तास आधी मिलिलिटरला १ मिलिग्रॅम यीस्टचं मॅनन (रिसेप्टर अडवणारी मॅनोजची लांब साखळी) काही पेशींना द्या आणि मॅनन दिलेल्या व न दिलेल्या पेशींमधलं सोनं आयसीपी-एमएसवर (धातूंचं सूक्ष्म प्रमाण मोजणारं यंत्र) मोजा. मॅननने काहीच फरक पडला नाही, तर कण रिसेप्टरला टाळून आत जातायत. तेव्हा मॅनोज वाढवू नका, पीईजीचा वाटा वाढवा.