साल्व्हिया: लाल जळतो, निळा टिकतो

देवपूर, धुळे येथून एक वाचक ताई लिहितात: भाऊ, आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं. साल्व्हिया कमी पाण्यावर जगतो असं वाचलं, म्हणून नर्सरीतून लाल साल्व्हियाची रोपं आणली. दिवाळीला अंगण लालेलाल झालं होतं. शिमग्यापर्यंत सगळी वाळली. कुठे चुकलं?

ताई, तुमच्या हाताला दोष देऊ नका. नर्सरीत हमखास मिळणारा हा लालभडक, भरगच्च तुऱ्यांचा साल्व्हिया मूळ ब्राझीलचा. त्याला सतत ओल लागते आणि दुपारची सावली लागते. थंडीपुरतं हंगामी फुलझाड म्हणून तो जरूर लावा, पण आपला उन्हाळा त्याच्याकडून निघत नाही.

तुम्हाला हवा तो निळा, साल्व्हिया फॅरिनेशिया. हा टेक्सास आणि मेक्सिकोकडचा, ऊन आणि कोरडी हवा सोसणारा. पान अरुंद, आणि कळ्यांवर, तुऱ्याच्या दांड्यावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव. रोप घेताना ती लव बघूनच घ्या. लालच हवा असा हट्ट असेल तर कॉक्सिनिया मागा. त्याचे तुरे विरळ आणि फुलं बारीक, पण तो झळ सोसतो, आणि बी पडून त्याची रोपंही आपोआप येतात.

बी टाकायचं तर नवरात्राच्या सुमारास. मातीवर पसरून तळहाताने हलकं दाबा, वर मातीचा थर देऊ नका. त्याला उजेड लागतो. रोपाला पानांच्या ४-५ जोड्या आल्या की शेंडा खुडा. मन धजत नाही, मला ठाऊक आहे. तरी खुडाच, फुटवे त्यानेच येतात.

चोपड्याहून एक शेतकरी दादा: मळ्यातल्या घरापुढे निळा साल्व्हिया लावला. मे महिना त्याने काढला आणि श्रावणात मान टाकली. पाणी वाढवलं तर आणखीच गेला. उपटला तर मुळं काळी पडलेली.

दादा, खान्देशात हा साल्व्हिया उन्हापेक्षा पावसाळ्यात जास्त मरतो, आणि त्याला कारण आपली काळी कसदार जमीन. कपाशीला जी ओल पोसते, तीच याच्या मुळांचा श्वास कोंडते. मुळं कुजली की वर पाणी चढत नाही आणि झाड तहानेल्यासारखं मान टाकतं. म्हणून मान टाकलेली दिसली की आधी खुरप्याने बोटभर माती उकरून बघा. माती ओली लागली तर पाण्याचा थेंबही देऊ नका.

यंदा वाफा वीतभर उंच करा. निम्मी माती, निम्मा मुरूम, वर थोडं जुनं शेणखत. वाफ्याचं पाणी निघून जायला उतार ठेवा. कपाशीसाठी आणलेल्या पोत्यातला मूठभर युरिया याला टाकायचा मोह मात्र आवरा. नुसता पाला माजतो आणि दांडे लोळतात.

पहिले दीड-दोन महिने नियमित पाणी हवं, मुळं खोल जाईपर्यंत. ‘कमी पाण्याचं झाड’ म्हणून लोक पहिल्या आठवड्यापासूनच हात आखडता घेतात, तिथे रोप जातं. पुढे हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पुरे, पण मुळाशी पोटभर. पारा ४४-४५ ला गेला की तीन-चार दिवसांआड द्या, तेही सकाळी लवकर. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. तुमच्या भागात केळीच्या वाळलेल्या पानांना तोटा नाही. त्यांचं जाड आच्छादन घाला, फक्त खोडापासून चार बोटं लांब.

छाटणी मे महिन्यात नको. पहिला पाऊस पडून गेला की वरचा एक तृतीयांश भाग काढा. एरवी वाळलेले तुरे तेवढे खुडत राहा.

शहाद्याहून एक आजी: झाड जोमात आहे, पण दिवसभर मधमाश्या असतात. नातू लहान आहे. काढून टाकू का?

आजी, काढू नका हो. फुलावर बसलेली माशी तिच्या कामात असते. हात लावल्याशिवाय किंवा दाबली गेल्याशिवाय सहसा डसत नाही. नातवाला हातभर अंतरावर घेऊन बसा. माशी आत डोकं घालते तेव्हा फुलातले दोन पुंकेसर खाली झुकतात आणि तिच्या पाठीला पराग लागतो. नंतर बारीक काडी फुलाच्या तोंडात हळूच सारून बघा, काडीवरही पराग येतो. तरी जीव घाबरत असेल तर येत्या आश्विनात कोवळ्या शेंड्यांची फांदी लावून नवं झाड कुंपणाशी करा. ते रुजलं की मग दाराजवळचं काढा.