कारण विचारू नका, चौकटी भरा

लीड्सजवळच्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. त्यात नवरा आहे, मराठी वर्गाला नाक मुरडणारा मुलगा आहे, सांगलीत एकट्या उरलेल्या सासूबाई आहेत, आणि आपल्या सगळ्यांच्या घरात दर हिवाळ्यात उगवणारा "परत जावं का?" हाही आहे. ताई, मागचे तीन मी शेवटी दोन-दोन ओळींत उरकणार आहे, रागावू नका. नवऱ्याचं मार्गी लागल्याशिवाय बाकीच्यांना हात घालण्यात अर्थ नाही.

त्या लिहितात: "सासरे मे महिन्यात गेले. तिकीट मिळून हे सांगलीला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेरावं करून आले आणि सोमवारी कामाला लागले. एकदाही रडले नाहीत. आता सहा महिने झाले. ऑफिसला जातात, पण घरी आले की सोफ्यावर फोन घेऊन बसतात. पहाटे चारला जागे असतात. जेवण कमी झालंय. पाठ दुखते म्हणतात. मी म्हटलं, वडील गेले की दुःख होणारच, पण सगळं चांगलं आहे ना आपलं? घर झालं, आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी) झालं. तर म्हणाले, 'मी कुणाच्याच कामाचा नाही.' हे दुःख आहे की डिप्रेशन?"

ताई, तुम्ही सहा महिने हे एकटीने बघताय आणि कंटाळला नाहीत, याबद्दल आधी शाबासकी. आता रागावते. "सगळं चांगलं आहे ना आपलं?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. आपल्याकडे दुःखालासुद्धा रजेच्या अर्जासारखं कारण जोडावं लागतं. कारण नसेल तर "कसली नाटकं", आणि कारण असेल तर "होणारच, जाईल आपोआप". दोन्हीकडून डॉक्टर टळतो. कारण असलं म्हणजे आजार नाही, असं नसतं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकातही पूर्वी माणूस गेल्यानंतरचे पहिले दोन महिने सहसा नैराश्याच्या निदानातून वगळलेले असत. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ती सूट काढून टाकली, कारण शोक आणि नैराश्य एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. सुतक आहे म्हणून ताप येत नाही, असं आपण म्हणतो का?

म्हणून कारण शोधू नका, दिवस मोजा. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असेलच (परदेशातलं मराठी घर आणि ते नाही, असं मी अजून पाहिलेलं नाही). आजपासून चौदा चौकटी घ्या. दुधाचा हिशेब लिहायचो तसं रोज रात्री चारच गोष्टी लिहायच्या: किती वाजता जाग आली, ताटात किती राहिलं, दिवसभरात कशात जीव रमला का, आणि स्वतःबद्दल काही वाईट बोलले का. शब्द नकोत, खुणा पुरे. आमच्या नात्यात दोन घरांनी हे केलंय, तेव्हा ही पुस्तकी युक्ती नाही.

चौदाच का? कारण निदानाचा कमीत कमी काळ दोन आठवड्यांचा आहे. डॉक्टर नऊ गोष्टी तपासतात: मन उदास किंवा रिकामं, आवडीच्या गोष्टींतला रस उडालेला, भूक किंवा वजन बदललेलं, झोप उडालेली किंवा फार वाढलेली, हालचाल मंदावलेली किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, थकवा, आपण नालायक आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं किंवा साधा निर्णयही न होणं, आणि मरणाचे विचार. यातल्या पाच किंवा जास्त, बहुतेक दिवसभर, जवळजवळ रोज, दोन आठवडे. त्यात पहिल्या दोनांपैकी एक हवीच, आणि काम-संसार अडायला हवा. तुमच्या पत्रात झोप, भूक आणि नालायकपणा या तीन गोष्टी मला स्पष्ट दिसतात. सोफा आणि फोन हे थकवा की रस उडणं, ते पत्रावरून कळत नाही. ते तुम्ही बघायचं.

कसं बघायचं सांगते. कटाची आमटी करा, किंवा सासऱ्यांना जे आवडायचं ते. शोकातला माणूस पहिल्या घासाला थांबतो, डोळे भरतात, "बाबा यात लिंबू पिळायचे" म्हणतो, आणि दुसरी वाटी घेतो. शोक लाटांनी येतो. आठवण आली की उसळतो, मध्ये ओसरतो, आणि ओसरल्यावर माणूस हसूही शकतो. नैराश्यातला माणूस तीच आमटी खाऊन ताट सिंकमध्ये ठेवतो. चव विचारली तर "बरी आहे". तिथे लाट नसते, पाणी साचलेलं असतं.

अपराधीपणाचंही तसंच. "शेवटच्या क्षणी मी तिथे नव्हतो" हा सल आपल्यापैकी कित्येकांच्या वाट्याला येतो, किंवा येणार आहे. तो खरा आहे, पण त्याला हद्द आहे: तो एका दिवसाबद्दल, एका विमानाबद्दल असतो. "मी कुणाच्याच कामाचा नाही" याला हद्द नाही. ते बाप म्हणून, नवरा म्हणून, नोकरदार म्हणून सगळीकडे पसरतं. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य हेच.

आणि हे वाक्य "मी नसतो तर बरं झालं असतं" इथवर सरकलं, तर चौदा चौकटी विसरा. सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका. एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, 111 वर फोन लावून 2 दाबा, धोका समोर असेल तर 999. मन मोकळं करायला ऐकून घेणाऱ्या समॅरिटन्स या संस्थेचा 116 123 रात्रंदिवस चालू असतो, फुकट. भारतातून आणलेल्या गोळ्यांचा डबा प्रत्येक मराठी घरात भरलेला असतो. तो त्याच दिवशी कुलपात घाला किंवा मैत्रिणीकडे नेऊन ठेवा.

चौकटी भरताना लोक हमखास तीन ठिकाणी चुकतात. रविवारी बसून आठवडा एकदम भरतात, मग सगळ्या आठवड्याला रविवारचाच रंग लागतो. लपूनछपून भरतात, आणि नवऱ्याला पत्ता लागला की पाळत ठेवल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा सांगून भरा, त्यांना स्वतःची रांग भरू द्या. आणि पाहुण्यांचा दिवस "चांगला" म्हणून टाकतात. पाहुण्यांसमोर आपले लोक उत्तम अभिनय करतात. पाहुणे गेल्यानंतरचा तास लिहा. शनिवारच्या पेल्यांची संख्याही कोपऱ्यात टिपा. दारूने झोप लागते खरी, पण पहाटे मोडते आणि मन आणखी खाली जातं.

चौदा दिवसांनी पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली त्यांच्या हातात द्या. ती मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3, एकूण 27. 10 किंवा वर गेलं तर डॉक्टर गाठायचाच. नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांच्या, प्रश्नाला शून्याशिवाय काहीही आलं, तर बेरीज न बघता त्याच दिवशी. मात्र ही चाळणी आहे, निदान नव्हे. 8 आले म्हणून निर्धास्त होऊ नका.

जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, साधारण दहा मिनिटं मिळतात. आपली माणसं त्यातली नऊ पाठदुखीवर घालवतात आणि दारात पोचल्यावर "जरा झोप येत नाही" म्हणतात. माझ्या थोरल्या दिरांची पाठ तीन महिने तपासली गेली. मनाचा विषय निघाला तो जाऊबाई सोबत गेल्या तेव्हा. तेव्हा तुम्हीही जा, दुप्पट वेळेची अपॉइंटमेंट मागा, कालनिर्णयाचं पान फाडून न्या आणि पहिलंच वाक्य मनाबद्दल बोला. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी12 आणि ड जीवनसत्त्व तपासायला सांगा. शाकाहारी घरात बी12 कमी निघणं नवलाचं नाही, आणि त्याचा थकवा नैराश्यासारखाच दिसतो. पूर्वी कधी चार-पाच दिवस झोपेशिवाय उत्साहाने भारलेले, वारेमाप खर्च करणारे असे झाले होते का, तेही आठवून सांगा. तसं असेल तर औषधाची निवडच बदलते.

नुसतं बोलायचं असेल तर इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीज या समुपदेशन सेवेकडे स्वतः नाव नोंदवता येतं, जीपीची चिठ्ठी लागत नाही. दुभाषा लागला तर फुकट मिळतो. मुलाला दुभाषा करू नका. आणि ती कुजबुज एकदाची संपवा: नैराश्याची नोंद झाली म्हणून व्हिसा किंवा आयएलआर जात नाही.

गोळ्या दिल्या तर पहिले दोन ते चार आठवडे फरक कमी आणि मळमळ जास्त असू शकते. लोक नेमक्या तिथेच सोडतात. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि थांबवायच्या त्या डॉक्टरला विचारून, हळूहळू. दुसरा घोटाळा भारतवारीत होतो: साठा संपतो, किंवा नात्यातले कुणी काका "कशाला त्या गोळ्या, अश्वगंधा घे" म्हणतात. पुरेल इतका साठा हाताशीच्या बॅगेत ठेवा आणि काकांना चहा द्या.

आता राहिलेले. परत जायचं की नाही, हा निर्णय यांची झोप परत येईपर्यंत घेऊ नका. नैराश्यात घर विकणारे नंतर पस्तावतात. सासूबाईंना कायमचं आणण्याची वाट ब्रिटनमध्ये फार अरुंद आहे, पण व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येऊ शकतात, आणि त्या आल्या तर माय-लेकांना एकत्र रडता येईल. ते अजून राहिलंय. मराठी वर्गाचं म्हणाल तर एक सत्र बुडालं म्हणून कुणाची मातृभाषा बुडत नाही. त्या वेळात बाप-लेकांना बाहेर पिटाळा, दुपारचं जेवण झालं की लगेच; डिसेंबरात तुमच्याकडे पावणेचारला सूर्य मावळतो.