आपल्याच फुटबॉल क्लबवर चाहते वर्षानुवर्षे राग का धरून राहतात?

हा राग बहुधा संघावर नसतो, मालकांवर असतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर या उद्योजक कुटुंबाने इंग्लंडमधला मँचेस्टर युनायटेड क्लब मुख्यतः कर्ज काढून घेतला आणि त्यातला मोठा बोजा क्लबच्याच माथी मारला. चिडलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला, तर इतर अनेक जण २०१० मध्ये युनायटेडचा लाल रंग बाजूला ठेवून हिरवे-सोनेरी मफलर, म्हणजे युनायटेडचे आधीचे नाव असलेल्या न्यूटन हीथ क्लबचे रंग, गळ्यात घालून सामन्यांना येऊ लागले. २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी क्लबमध्ये हिस्सा घेतला, तरी बहुमत ग्लेझर यांच्याकडेच राहिल्याने ती अढी गेलेली नाही. माझ्या मते हा राग रास्तच आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिकिटाचे पैसे मोजणाऱ्यांना त्या व्यवहारात कोणी विचारलेच नव्हते.