छापाचित्रातील कष्टकरी स्त्री

प्रश्न : मेक्सिकोच्या चित्रकर्तींचा विषय निघाला की फ्रीडा कालो यांचेच नाव पुढे येते. आपला वारसा आणि स्त्रियांचे बळ छापाचित्रांतून मांडणारी तिथली दुसरी कोणी कलावती आहे का? शिवाय एकाच ठशावरून अनेक प्रती निघत असतील, तर छापाचित्राला मूळ कलाकृती कसे म्हणावे?

उत्तर : मी निःसंकोचपणे एलिझाबेथ कॅटलेट यांचे नाव घेईन. त्यांचा जन्म १९१५ साली वॉशिंग्टनमध्ये एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला असला, तरी १९४६ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या मेक्सिकोला गेल्या, तिथेच संसार थाटला आणि १९६२ साली तिथले नागरिकत्वही स्वीकारले. १९४६-४७ मधील त्यांच्या पंधरा लिनोकटांच्या (लिनोलियम या जमिनीवर अंथरायच्या मऊसर आच्छादनावर कोरून छापलेल्या चित्रांच्या) मालिकेत कृष्णवर्णीय स्त्री प्रथमपुरुषी बोलते : ती शेतात राबते, दुसऱ्यांच्या घरी काम करते आणि गुलामांना मुक्तीकडे नेणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्याशी आपले नाते सांगते. वारशाचा गौरव करताना श्रमांना इतके मानाचे स्थान क्वचितच कोणी दिले असेल. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या स्त्रीचे त्यांचे १९५२ चे छापाचित्र तर जरूर पाहावे. रुंद काठाची गवती टोपी घातलेल्या त्या स्त्रीचा कोट गळ्याशी सेफ्टी पिनने अडकवलेला आहे. परंतु आपण तिच्याकडे खालून वर पाहतो, त्यामुळे ती दारिद्र्यातही ताठ मानेने उभी असल्याचे जाणवते.

आता दुसरा प्रश्न. लिनोकटमध्ये कलावंत स्वतः लिनोलियम कोरतो, पांढरा हवा तो भाग काढून टाकतो आणि उरलेल्या उठावावर रोलरने शाई लावून कागदावर ठसा घेतो. चित्र उलटे उमटणार हे धरूनच त्याला रेखाटन करावे लागते. हे चित्र ठशातूनच जन्माला येते, म्हणून कलावंताने स्वतः किंवा आपल्या देखरेखीखाली काढलेली प्रत्येक प्रत मूळच मानतात. कॅटलेट ज्या 'तायेर दे ग्राफिका पोपुलार' या कार्यशाळेत काम करत, ती १९३७ साली मेक्सिको सिटीत स्थापन झाली होती. कामगार आणि शेतकरी यांच्यापर्यंत चित्र पोहोचावे, हा तिचा आग्रह असल्याने स्वस्तात अनेक प्रती निघणे हेच तिथे या माध्यमाचे मोठे सामर्थ्य ठरले. मर्यादित आवृत्तीच्या छापाचित्राखाली पेन्सिलीने ५/६० असे लिहिलेले आढळल्यास, ती साठांच्या आवृत्तीतील पाचवी प्रत समजावी.